पन्हळी नळीने रायफल गार राहते का?

हिवाळा लागला की खान्देशात भरीत पार्ट्या सुरू होतात. बांधावर पऱ्हाटीचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची आणि भाजून होईपर्यंत जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं. यंदा विषय निघाला रायफलचा. माझा पुतण्या पारोळ्याहून आला होता. तो सैन्यभरतीची तयारी करतो, पहाटे पाचला मैदानावर असतो. मोबाईलवर एका ऑटोमॅटिक रायफलचा फोटो दाखवत त्याने विचारलं, "काका, नळीले ह्या चिरा काब्र शेतस?" म्हणजे, नळीला या चिरा का आहेत?

मी तोंड उघडायच्या आत शेजारचा म्हणाला, "हवा लागावी म्हणून. नळी गार राहते."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते नीट तपासून लिहायचं ठरवलं. आमच्या भागाला या विषयाचं कुतूहल असणं साहजिक आहे. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलच्या गोळ्या बनतात, कित्येक घरांतली माणसं तिथून निवृत्त झाली आहेत. त्यात अमेठीजवळच्या कोरव्याला बनणारी एके-२०३ आणि अमेरिकेहून घेतलेली सिग ७१६ या रायफलींच्या बातम्या येत राहतात, आणि भरतीची पोरं त्यातला प्रत्येक फोटो मोठा करून बघतात. मी बंदूक कधी बनवलेली नाही. पण जळगावच्या एमआयडीसीत बावीस वर्षं मिलिंग मशीनवर काढली आहेत. पोलाद तापतं कसं, वाकतं कसं, हे रोज हाताखालून जातं.

## पन्हळ म्हणजे कोणती खाच?

बंदुकीच्या नळीत खाचा दोन ठिकाणी असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. आतल्या वळसेदार खाचांना रायफलिंग म्हणतात. त्यांच्यामुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही. आपला विषय बाहेरच्या अंगावर लांबीच्या दिशेने कोरलेल्या उभ्या खाचा. इंग्रजीत अशा नळीला फ्ल्यूटेड बॅरल म्हणतात. मी पन्हळी नळी म्हणतो, कारण दिसायला ती तशीच दिसते. (जर्मन जी-३ रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोलीत, आतून बारीक पन्हळी असतात. त्या रिकामं काडतूस चिकटू नये म्हणून. तो वेगळाच प्रकार.)

बाहेरच्या पन्हळींचे तीन फायदे सांगितले जातात: वजन कमी होतं, नळी लवकर गार होते, नळी ताठ राहते. पहिला फायदा शंभर टक्के खरा. दुसरा अर्धा खरा. तिसरा ज्या पद्धतीने सांगितला जातो त्या पद्धतीने चक्क चुकीचा.

## एका गोळीमागे नळीत किती उष्णता शिरते?

५.५६ मिलीमीटरची गोळी घेऊ, इन्सास रायफलची. तिच्या काडतुसात साधारण पावणेदोन ग्रॅम दारू असते. ती जळून सहा-साडेसहा किलोज्यूल ऊर्जा निघते. त्यातला जेमतेम पाव हिस्सा गोळीला पुढे ढकलतो. बराच भाग गरम वायूंबरोबर तोंडातून बाहेर जातो. आणि ढोबळमानाने पाचवा हिस्सा, म्हणजे सव्वा किलोज्यूलच्या आसपास, नळीच्या पोलादात मुरतो.

आता हिशोबासाठी एक नळी डोळ्यासमोर आणा: ४५ सेंटीमीटर लांब, बाहेरून २२ मिलीमीटर जाड. वजन भरेल सुमारे १.२६ किलो. एका गोळीमागे ती सरासरी दोन अंशांनी तापेल. दोन अंश काहीच नाही असं वाटतं. पण ऑटोमॅटिकवर ३० गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं. तीन सेकंदांत ६४ अंश. चार मॅगझिन पाठोपाठ गेली की नळी अडीचशेच्या घरात पोचलेली असते. ही सरासरी झाली. चेंबरच्या जवळचा भाग याहून जास्त तापतो, तोंडाकडचा कमी.

अमेरिकन सैन्याच्या एम-१६ आणि एम-४ रायफलच्या पुस्तिकेत म्हटलंय की सलग भराभर १४० गोळ्या झाडल्या तर चेंबर इतका तापतो की आत बसलेली गोळी घोडा न दाबताही सुटू शकते. त्याला कुक-ऑफ म्हणतात. तीच पुस्तिका सांगते की दीर्घकाळ चालवायची असेल तर मिनिटाला १२ ते १५ गोळ्या, त्यापुढे नाही. म्हणजे मिनिटाला सातशे-आठशे गोळ्यांच्या वेगाने झाडू शकणारी रायफल तब्येतीने चालवायची तर चार-पाच सेकंदांना एक गोळी.

## पाच एचपीची मोटार आणि ठिबकची एक नळी

सगळा घोळ पुढच्या हिशोबात आहे, म्हणून जरा थांबून बघू.

३० गोळ्या तीन सेकंदांत सुटल्या, तेव्हा नळीत उष्णता शिरण्याचा वेग होता सुमारे १२ किलोवॅट. आणि पाठोपाठच्या मॅगझिननी हवेपेक्षा दोनशे अंशांनी जास्त तापलेल्या नळीतूनही हवेत उष्णता जाण्याचा वेग किती? वारा नसेल तर शंभर वॅटपेक्षा थोडा कमी. जुन्या पिवळ्या बल्बाएवढा.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे एका वाक्यात कळेल. हौदात पाच एचपीच्या मोटारीचं पाणी धो धो पडतंय आणि खाली ठिबकच्या एका नळीतून ते थेंब थेंब जातंय. हौद भरून वाहू नये असं वाटत असेल तर काय कराल? ठिबकला आणखी चार ड्रिपर लावून उपयोग नाही. एक तर मोटार बंद करा, नाहीतर हौद मोठा बांधा.

नळीतलं पोलाद म्हणजे हौद. तिचा बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे ठिबक. पन्हळ कोरली की ठिबक थोडं वाढतं, पण तेवढ्यासाठी हौदाची भिंत आत सरकवावी लागते.

आकड्यांत बघू. आपल्या नळीवर सहा पन्हळी पाडल्या, प्रत्येक पाच मिलीमीटर रुंद, दोन खोल. वजन सुमारे १४ टक्क्यांनी घटलं. पृष्ठभाग सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. आता तेच ३० गोळ्यांचं मॅगझिन झाडलं तर नळी ६४ ऐवजी ७५ अंशांनी तापते. आणि त्या तीन सेकंदांत वाढीव पृष्ठभागाने जास्तीची उष्णता किती बाहेर टाकली? फार तर चाळीस-पन्नास ज्यूल. आत शिरलेली होती छत्तीस हजार ज्यूलच्या वर.

खरं तर पन्हळींना काम करायची संधीच मिळत नाही. आतल्या पृष्ठभागावरची उष्णता आठ मिलीमीटर पोलाद ओलांडून बाहेरच्या अंगाला नीट पोचायला एक-दोन सेकंद लागतात. तोवर अर्ध्याच्या आसपास मॅगझिन संपलेलं असतं.

आईकडे मांड्यांचं खापर आहे. जाड मातीचं, उपडं ठेवायचं. तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की एकामागून एक मांडे पडले तरी डगमगत नाही. तेच पातळ पत्र्याच्या तव्यावर करून बघा. क्षणात करपेल, क्षणात गार पडेल. ऑटोमॅटिक माऱ्याला खापराचा गुण लागतो, तव्याचा नाही.

## "पण मोटारसायकलच्या इंजिनाला पंख असतातच की!"

असतात, आणि ते काम करतात. हा आक्षेप मनापासून घेण्यासारखा आहे, कारण फरक त्यातूनच कळतो.

इंजिनाच्या सिलिंडरवरचे पंख ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा कितीतरी पट लवकर उष्णता वाहून नेतं. ते पंख पातळ आणि उंच असतात, त्यामुळे पृष्ठभाग सोळा टक्क्यांनी वाढत नाही, अनेक पटींनी वाढतो. आणि गाडी चालत असते; ताशी पन्नासच्या वाऱ्यात ते उभे असतात. भर दुपारी भुसावळच्या फाटकावर गाडी चालू ठेवून दहा मिनिटं थांबलात तर वारा नसताना त्याच पंखांची काय अवस्था होते ते मांडीला कळतं.

मुख्य म्हणजे पंख इंजिनावर वरून वाढवलेले असतात. पन्हळ ही असलेल्या पोलादातून काढून घेतलेली असते. दिसायला दोन्हीकडे उंच-सखल दिसतं, पण एकीकडे भर घातली आहे आणि दुसरीकडे वजाबाकी केली आहे.

शिवाय पन्हळीच्या तळातली गरम हवा तिथेच घुटमळते. आणि तापलेलं पोलाद जी उष्णता किरणांनी बाहेर टाकतं त्यातली काही पन्हळीच्या एका भिंतीवरून निघून समोरच्या भिंतीवर पडते. म्हणून कागदावरचे १६ टक्के प्रत्यक्षात १६ राहत नाहीत.

## गोळीबार थांबल्यावर तरी फायदा?

होतो, आणि म्हणूनच मी वर अर्धं खरं म्हटलं. मारा थांबला, मोटार बंद झाली, आता फक्त ठिबक चालू आहे. इथे हौद लहान आणि ठिबक मोठं असेल तर तो लवकर रिकामा होणारच. साध्या नळीला जास्तीच्या उष्णतेतला मोठा भाग, सुमारे दोन तृतीयांश, टाकायला वीस मिनिटं लागत असतील तर पन्हळी नळीला कागदोपत्री पंधरा.

ज्याला पाच गोळ्या झाडून दहा मिनिटं थांबायचंय, त्याला हे उपयोगी आहे. निशाणेबाजीच्या मैदानावरचा माणूस तसाच वागतो. चकमकीत सापडलेल्या जवानाला मात्र समोरचा पंधरा मिनिटांची सुटी देत नाही.

आपल्याकडच्या मे महिन्याचाही हिशोब करून टाकू. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. पंचवीस अंशांच्या हवेशी तुलना केली तर नळी आधीच वीस अंशांनी पुढे आहे, म्हणजे नऊ-दहा गोळ्या झाडल्यासारखी. सावलीत ही गत. उन्हात पडलेल्या पोलादाला हात लावून बघायची गरज नाही. उन्हाळ्याच्या प्रदेशात तर हौद लहान करणं आणखी महागात पडतं.

## पन्हळी पत्र्याची गफलत

"पन्हळी पत्रा बघा, साध्या पत्र्यापेक्षा किती ताठ असतो! नळीचंही तसंच." हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

पत्र्याच्या बाबतीत पत्रा तेवढाच राहतो, फक्त त्याला लाटा पाडून काही भाग वर आणि काही खाली ढकलतात. एक कणही काढून टाकत नाहीत. नळीच्या बाबतीत बाहेरच्या अंगाचं पोलाद कापून चुरा करून कचऱ्यात टाकतात. आणि ताठपणासाठी सगळ्यात मोलाचं पोलाद बाहेरच्या अंगाचंच असतं. २२ मिलीमीटरच्या नळीत पन्हळी पाडल्या की वजन १४ टक्के घटतं, पण ताठपणा घटतो २१ टक्क्यांच्या आसपास. कापून कुठलीही वस्तू जास्त ताठ होत नाही.

मग हा समज आला कुठून? एका खऱ्या गोष्टीतून, अर्धवट सांगितलेल्या. वजन सारखं ठेवून तुलना केली तर पन्हळी नळी जिंकते. आपल्या पन्हळी नळीइतक्याच वजनाची साधी नळी हवी असेल तर तिची जाडी साडेवीस मिलीमीटरपर्यंत उतरवावी लागते. त्या बारीक नळीपेक्षा पन्हळी नळी ताठ आहे. किती? मी हिशोब केला तेव्हा तीन-चार टक्के आले. पन्हळी आणखी खोल, नळी आणखी जाड केली तर थोडे वाढतील. अचूक नेमबाजीच्या जाड नळीच्या रायफलीत तेवढ्यालाही किंमत असेल. ऑटोमॅटिकवर मात्र पहिल्या गोळीनंतर खांद्यावरची रायफलच हलत असते. तिथे नळीच्या तीन टक्के ताठपणाने निशाण सुधारणार नाही.

## माझ्या टेबलावरचा वाकलेला दांडा

हा भाग आकड्यांचा नाही, पण मला सगळ्यात जवळचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका पॅकिंग मशीनसाठी लांब शाफ्टवर उभ्या खाचा पाडायचं काम आलं होतं. शाफ्ट कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंड अवस्थेत साच्यातून ओढून केलेला. डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे जॉब ठरावीक कोनात फिरवणाऱ्या साधनावर, तो बांधला, एका बाजूला दोन खाचा घेतल्या, उशीर झाला म्हणून मशीन बंद करून घरी गेलो. सकाळी दोन टोकांच्या सेंटरवर धरून, वाकडेपणा दाखवणारी डायल लावून फिरवून बघितलं तर काटा बारा घरं हलला. संध्याकाळी सरळ असलेला शाफ्ट रात्रीतून वाकला नव्हता. खाच घेतली त्याच क्षणी तो वाकायला लागला होता, मीच बघितलं नव्हतं. ओढताना पोलादात ताण कोंडलेला असतो. सगळीकडून सारखा असतो तोवर दिसत नाही. एका बाजूची कातडी काढली की दुसरी बाजू ओढून घेते. सुतार सागाच्या फळीला एकाच अंगाने रंधत नाही ते याच कारणाने.

रायफलची नळी तर याहून ताणलेली. आतल्या खाचा बऱ्याचदा कठीण बटण दाबून नेऊन किंवा बाहेरून हातोडे मारून पाडतात. अशा नळीवर नंतर पन्हळी कोरल्या तर आतलं छिद्र कुठे किंचित मोठं होऊ शकतं, आणि नळी तापली की वाकू शकते. चांगले कारागीर भट्टीत घालून ताण काढून घेतात, समोरासमोरच्या पन्हळी आळीपाळीने घेतात, सगळ्या एकसारख्या खोल ठेवतात. म्हणजे करता येतं. पण तेवढी भट्टी, तेवढा मशीनचा वेळ, तेवढी तपासणी लाखो रायफलींसाठी करायची, आणि बदल्यात मिळवायचे शंभर-दीडशे ग्रॅम.

## वजनाचं मात्र खरं आहे

त्या ग्रॅमना मी कमी लेखत नाही. ५.५६ ची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची. शंभर ग्रॅम वाचले तर जवान आठ गोळ्या जास्त नेऊ शकतो. सियाचिनला चढणाऱ्या माणसाला ग्रॅमची किंमत आपण सांगायला नको. नळीचं पुढचं टोक हलकं झालं की रायफल खांद्याला लावून फिरवणंही सोपं जातं.

पण वजनच घटवायचं असेल तर त्याचा साधा मार्ग लेथवर आहे: नळी पुढच्या भागात थोडी बारीक करा आणि चेंबरजवळ जाड ठेवा. पोलाद जिथे तापतं तिथेच राहतं, काम एका फेरीत होतं, आणि फिरवून सगळीकडून सारखं कापल्यामुळे ताणही बऱ्यापैकी समतोल सुटतो. जगातल्या बहुतेक लष्करी रायफलींच्या नळ्या अशाच आहेत.

## ज्यांना खरंच खूप झाडायचंय ते काय करतात?

शंभर वर्षांत यावर जे उपाय टिकले ते बघण्यासारखे आहेत. पहिल्या महायुद्धातल्या व्हिकर्स मशीनगनने नळीभोवती पाण्याचं कवच घेतलं, सुमारे चार लिटरचं. पाणी काही मिनिटांत उकळायला लागे, पण उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि वाफ होताना प्रचंड उष्णता घेऊन जातं. त्याच काळातल्या लुईस गनला ॲल्युमिनियमचे उभे पंख होते आणि वरून एक मोठी नळकांडी. तोंडातून सुटणाऱ्या वायूंच्या ओढीने मागून हवा खेचली जावी अशी योजना. पुढे ब्रेन आणि एमजी-४२ या मशीनगननी वेगळा रस्ता धरला: नळी तापली की काही सेकंदांत काढून दुसरी लावायची. भारतीय सैन्यात ब्रेनने पिढ्यान्‌पिढ्या काम केलं.

आणि आता आपल्या विषयाचा सगळ्यात बोलका दाखला. कलाश्निकोव्हची पीके मशीनगन १९६१ मध्ये सोव्हिएत सैन्यात आली तेव्हा तिच्या नळीवर पन्हळी होत्या. १९६९ मध्ये सुधारित पीकेएम आली, आणि पन्हळी गेल्या. नळी साधी, गुळगुळीत आणि हलकी झाली. मशीनगन तीच, कारखान्यांना अनुभव मिळालेला, वजन कमी करायचंच होतं, तरी त्यांनी पन्हळी ठेवल्या नाहीत. नंतरच्या पेचेनेगमध्ये उष्णतेचा प्रश्न खरंच सोडवायचा होता तेव्हा नळीभोवती कवच घालून हवा जबरदस्तीने खेळवली.

अमेरिकनांनी एम-४ वरून एम-४ए१ वर जाताना सलग ऑटोमॅटिक मारा सोसावा म्हणून काय केलं? नळी जाड केली. खोबणी नाही, पंख नाहीत. हौद मोठा केला.

जवानाच्या हातात जे आहे तेही याच दिशेचं. ऑटोमॅटिकचा मोह टाळून एकेक किंवा तुकड्या-तुकड्यांनी झाडायचं. इन्सासवर तीन गोळ्यांच्या बर्स्टची सोय होती ती गोळ्या वाचवण्याबरोबर याही कामाची. आणि मारा थांबला की चेंबर रिकामा करून बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, मागे ठेवायचा. त्याने नळीच्या आतून हवा जाते आणि तापलेल्या चेंबरमध्ये गोळी शिजत पडत नाही.

## मग फोटोतल्या रायफलला पन्हळी का होत्या?

कारण बाजारात त्यांना मागणी आहे. परदेशात खासगी ग्राहक नेमबाजीसाठी, शिकारीसाठी रायफल घेतात. त्यांच्या एकेक गोळीच्या वापरात पन्हळीचे फायदे खरे ठरतात: जाड नळीचं वजन उतरतं, फैरींच्या मध्ये ती लवकर निवते, आणि दिसते देखणी. दिसण्याला किंमत असते, ते मान्य करायला मला काहीच अडचण नाही. मशीनवरून उतरलेल्या एकसारख्या सहा पन्हळी, कापताना कडेला राहिलेली बर काढून साफ केलेल्या, उजेडात फिरवल्या की डोळ्याला सुख देतात. मी स्वतः कापलेल्या शाफ्टकडे तसा बघत बसलोय. पण ऑटोमॅटिक रायफलसाठी मला कोणी विचारलं तर मी ते शंभर-दीडशे ग्रॅम पोलाद नळीवरच राहू देईन.

पार्टीनंतरच्या सोमवारी पुतण्याला शॉपवर घेऊन गेलो. २२ मिलीमीटरच्या दांड्याचे ४५ सेंटीमीटरचे दोन तुकडे कापले, एकावर सहा पन्हळी घेतल्या. काट्यावर फरक १७० ग्रॅम आला. नळीवर तो याहून कमीच असेल, कारण चेंबरजवळ कोणी पन्हळ नेत नाही. पोराने दोन्ही दांडे एकेका हातात धरून खांद्याच्या उंचीवर आडवे केले आणि डोळे मिटून तोलत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हलका कुठला ते बरोबर ओळखलं. मग जड, साधा दांडा घरी न्यायला मागितला. सकाळी पळताना हातात धरणार म्हणाला.